कुंकवाच्या करंड्यापासून परवान्यापर्यंत : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात प्रसाधनांतील घातक रसायनांचा इतिहास

गोषवारा

सौंदर्यप्रसाधने आणि दैनंदिन शरीरस्वच्छतेची साधने यांतील अपायकारक द्रव्यांचा प्रश्न सामान्यतः आधुनिक उद्योगाची देणगी मानला जातो. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक तपासणी केली आहे. शेंदूर, हिंगूळ, मशेरी या परंपरागत द्रव्यांपासून कृत्रिम रंगद्रव्यांपर्यंतचा प्रवास, प्रसाधनविषयक कायद्याची जडणघडण आणि त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेली क्षेत्रे यांचे विवेचन रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन गावांच्या संदर्भात केले आहे. कायद्याने 'विकली जाणारी वस्तू' मोजली; परंतु घरात तयार होणारी वस्तू, देवाला वाहिली जाणारी वस्तू आणि ती वस्तू घडविणारा हात यांच्याकडे त्याचे लक्ष उशिरा गेले किंवा गेलेच नाही, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : प्रसाधने, शेंदूर, मशेरी, पारा, शिसे, रंगद्रव्ये, पेण, रोहा

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील) पेण आणि रोहा ही दोन गावे रंगाने एकमेकांशी जोडली गेली आहेत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. पेण व त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्ती घडतात आणि रंगतात. कुंडलिकेच्या काठावरील रोह्यालगत धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक वसाहत आहे आणि तेथे रंगद्रव्ये तयार होतात. १९५१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे रंगद्रव्यांचे कारखाने रोहा आणि महाड येथे आहेत. स्वित्झर्लंडच्या क्लॅरिअंट समूहाचा रोह्यातील रंगद्रव्य-कारखाना २०२२ मध्ये जर्मनीच्या ह्यूबाख समूहाकडे आणि २०२५ मध्ये सुदर्शनकडे गेला. प्लास्टिक, छपाईची शाई, भिंतीचे रंग आणि ओठांची लाली या सर्वांना लागणारा रंग मुळात एकाच रसायनशास्त्रातून येतो. त्याची शुद्धता मात्र तो कशासाठी वापरला जाणार यावर ठरते.

येथेच एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. रंग भिंतीला लावायचा असेल तर एक मोजपट्टी, ओठांना लावायचा असेल तर दुसरी आणि देवाला लावायचा असेल तर कोणती? ही मोजपट्टी कोणी, केव्हा आणि कोणत्या दुर्घटनेनंतर ठरविली? या प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्राइतकीच इतिहासातही शोधावी लागतात. कारण प्रसाधनविषयक प्रत्येक नियमामागे कोणाच्या तरी शरीराला झालेली इजा असते.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. एखाद्या प्रसाधनात अपायकारक द्रव्य आढळणे आणि त्यापासून प्रत्यक्ष अपाय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मात्रा, वापराचा कालावधी, द्रव्य शरीरात जाण्याचा मार्ग आणि वापरणाऱ्याचे वय यांवर परिणाम अवलंबून असतो. म्हणूनच प्रस्तुत लेखात 'घातक' हा शब्द 'अपाय करण्याची क्षमता असलेले' या अर्थाने योजिला आहे.

२. करंडा, शेंदूर आणि मशेरी : परंपरागत प्रसाधनांचे वास्तव

मराठी घरातील फणेरपेटीत आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा असे. कपाळावर प्रथम मेण लावून त्यावर पिंजर टेकविण्याची रीत होती. न्हाण्यासाठी शिकेकाई, रिठा व आवळकाठी, अंगाला डाळीचे पीठ आणि दिवाळीत उटणे ही सारी साधने स्वयंपाकघर व रान यांतून मिळत. यांतील बहुतेक निरुपद्रवी होती, हे मान्य करावे लागेल. कुंकूही मूळचे हळदीचे. हळकुंडांवर लिंबाचा रस व टाकणखार यांची प्रक्रिया करून त्यांना लाल रंग आणला जाई. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या सान्निध्यात लाल होते, हा अनुभव आपल्या स्त्रियांना प्रयोगशाळेशिवाय ज्ञात होता.

तथापि परंपरागत ते सर्व निर्धोक, हा निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. लाल रंगाची तीन द्रव्ये आपल्याकडे शेजारीशेजारी नांदत आली. कुंकू हळदीचे, हिंगूळ हे पारा व गंधक यांचे संयुग आणि शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. गणपती व मारुती या देवतांना शेंदूर चर्चण्याची प्रथा महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे. अष्टविनायकांपैकी पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक ही दोन स्थाने रायगड जिल्ह्यातीलच असल्याने या भागात शेंदराचा परिचय घरोघरी आहे. देवासाठी आणलेल्या द्रव्याचा अंश भक्ताच्या कपाळी आणि बोटांवर येतोच. शिशाची असेंद्रिय संयुगे अखंड त्वचेतून फारशी शोषली जात नाहीत. परंतु बोटांवरून ती तोंडात जातात, आणि लहान मुलांच्या बाबतीत हाच खरा धोका असतो. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

याहून गंभीर उदाहरण मशेरीचे आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती दातांना व हिरड्यांना चोळायची, ही रीत कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दीर्घकाळ रूढ आहे. मशेरी ही व्यसन म्हणून नव्हे, तर दंतमंजन म्हणून घरात आली, ही बाब महत्त्वाची आहे. विडी ओढणाऱ्या बाईकडे समाज वक्रदृष्टीने पाहील. पण दात घासणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार? पहाटे एकदा लावण्याची मशेरी पुढे दुपारी, रात्री आणि कामाच्या मध्येही लावली जाऊ लागते, आणि स्वच्छतेचे साधन म्हणून सुरू झालेली गोष्ट अंगवळणी पडते.

वैद्यकशास्त्राने या रीतीची दखल १९६० नंतर पद्धतशीरपणे घेतली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून मुखकर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांविषयीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईतील ३५ वर्षे व त्यावरील ९९,५९८ व्यक्तींच्या केलेल्या पाहणीत (१९९६) सुमारे ५७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्यांचा वापर जवळजवळ संपूर्णपणे धूरविरहित तंबाखूचा होता आणि त्यात मशेरीचे प्रमाण सर्वाधिक होते. गिरण्यांच्या मुंबईत कोकण आणि घाट या दोन्ही भागांतून आलेली कुटुंबे लक्षात घेता, गावची रीत शहराच्या चाळीत कशी पोहोचली असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

३. खनिज रंगांकडून कृत्रिम रंगांकडे

१८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला आणि रंगाच्या इतिहासाला नवे वळण लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे रंग मुंबई बंदरात उतरू लागले. नीळ आणि मंजिष्ठ यांची पीछेहाट झाली, ही कथा वस्त्रोद्योगाच्या संदर्भात अनेकदा सांगितली जाते. त्याच रंगांनी कुंकवाच्या करंड्यातही प्रवेश केला, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हळद महाग, प्रक्रिया वेळखाऊ आणि रंग काहीसा मंद. याउलट खडू वा पिठासारख्या पांढऱ्या भुकटीला चिमूटभर कृत्रिम रंग दिला की ती तेजस्वी लाल होते. बाजाराचे गणित सरळ होते. कुंकवाचे नाव आणि मांगल्य तेच राहिले; द्रव्य मात्र बदलले.

या बदलाची नोंद त्वचारोगतज्ज्ञांनी ठेवली. कुंकवातील कृत्रिम रंगांमुळे कपाळावर येणारी खाज, काळसर डाग आणि पुरळ यांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतून लेखन झाले. पुढे कुंकवाची जागा चिकट टिकलीने घेतली. टिकलीच्या चिकट द्रव्यातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल या रसायनामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू लागला. हे द्रव्य त्वचेतील रंगपेशींना इजा करते. कोडाविषयी आपल्या समाजात असलेला कलंक ध्यानात घेता, वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ वाटणारा हा डाग त्या स्त्रीच्या सामाजिक जीवनात किरकोळ राहत नाही.

कारखानदारी प्रसाधनांच्या बाबतीत मुंबई हे देशाचे आद्य केंद्र ठरले. इब्राहिम पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' १९१९ मध्ये बाजारात आला आणि 'स्नो' हा शब्द मराठी बोलीत रुळला. केशव पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळ येथे 'विको'ची मुहूर्तमेढ रोवली. त्याच वर्षी टाटा ऑइल मिल्सने 'लॅक्मे'ची स्थापना केली. स्वातंत्र्योत्तर काळात आयात प्रसाधनांवरील निर्बंधांमुळे देशी उत्पादनास बळ मिळाले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर मुंबईबाहेर वसाहती उभ्या राहिल्या आणि रासायनिक कारखाने कोकणातील नद्यांच्या काठी आले. रोह्याची निवड आकस्मिक नव्हती. भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून (१९२७) वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत येते आणि ही नदी बारमाही वाहते. रंगाच्या कारखान्यास पाणी लागते. आणि पाणी वापरून झाल्यावर ते सोडावयास जागाही लागते.

४. कायद्याची जडणघडण

प्रसाधने ही नियमनाची बाब आहे, हे जगाने उशिरा मान्य केले. अमेरिकेच्या १९०६ च्या अन्न व औषधविषयक कायद्यात प्रसाधनांचा अंतर्भाव नव्हता. १९३३ च्या सुमारास तेथे 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगविण्याचा कलप विकला जात होता. त्यातील पॅरा-फेनिलिन-डायअमाइन या द्रव्यामुळे काही स्त्रियांना अंधत्व आले आणि एका स्त्रीचा मृत्यू झाला. १९३८ च्या नव्या कायद्यात प्रसाधने समाविष्ट होण्यामागे ही दुर्घटना एक प्रमुख कारण होती. भारतीय प्रसाधन नियमांनुसार केसांच्या कलपाच्या वेष्टनावर वापरापूर्वी त्वचेवर चाचणी घेण्याची आणि तो भुवया वा पापण्यांना न लावण्याची, तसे केल्यास अंधत्व येऊ शकते अशी, सूचना छापणे बंधनकारक आहे. पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेत काही रुपयांना मिळणाऱ्या कलपाच्या पुडीवर अमेरिकेतील त्या स्त्रियांचे दुःख असे बारीक अक्षरांत नोंदलेले आहे. ते वाचले जाते का, हा प्रश्न वेगळा.

भारतात चोप्रा समितीच्या (१९३०-३१) शिफारशींनंतर १९४० चा औषध कायदा झाला. त्यात प्रसाधने नव्हती. १९६२ च्या दुरुस्तीने ती समाविष्ट झाली, कायद्याच्या नावात 'प्रसाधने' हा शब्द आला आणि १९६४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्याने प्रसाधनाची केलेली व्याख्या आपल्या विवेचनाच्या दृष्टीने कळीची आहे. स्वच्छता, सौंदर्य, आकर्षकता वाढविणे किंवा रूप पालटणे या हेतूंनी मानवी शरीरावर चोळण्याची, ओतण्याची, शिंपडण्याची वा फवारण्याची वस्तू म्हणजे प्रसाधन. साबण प्रारंभी या व्याख्येतून वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो अपवाद काढून टाकण्यात आला.

नियमांनी काही स्पष्ट मर्यादा घातल्या. रंग आणण्यासाठी शिसे किंवा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई झाली. प्रसाधनांत वापरावयाच्या रंगद्रव्यांत दशलक्ष भागांत शिसे २० भागांहून, आर्सेनिक २ भागांहून आणि इतर जड धातू १०० भागांहून अधिक असू नयेत, असे ठरले. पाऱ्याची संयुगे निषिद्ध झाली. अनवधानाने येणारा पारा डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दशलक्ष भागांत ७० आणि अन्यत्र १ भाग, एवढाच क्षम्य मानला गेला. फ्रान्समध्ये १९७२ साली एका टाल्कम पावडरीत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून सुमारे ६ टक्के मिसळले गेल्याने ३६ बालके दगावली. भारतीय नियमांनीही प्रसाधनांत त्या द्रव्यास बंदी केली. साबणात ते एक टक्क्यापर्यंत वापरण्यास मुभा राहिली. मात्र बालकांसाठी वापरू नये, अशी सूचना छापणे आवश्यक ठरले.

१९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 'लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात १९९७ मध्ये ही बंदी वैध ठरविली. मशेरीच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय. परंतु त्याची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. बंदी उत्पादकाला लागू झाली. चुलीवरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी कोणत्याही परवान्याखाली येत नाही; तिला वेष्टन नाही, त्यामुळे तिच्यावर सूचना छापता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २४.४ टक्के होते, तर धूम्रपान करणाऱ्यांचे केवळ ३.८ टक्के. या आकड्यांवरून कायद्याची पोच कोठे संपते, ते दिसते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्याच्या प्रसाधनांचा प्रश्न ऐरणीवर आणला. भारताने हा करार २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. २०२० मध्ये देशात स्वतंत्र प्रसाधन नियम अस्तित्वात आले. कराराच्या २०२३ मधील परिषदेत एक भागाची सूटही रद्द करून, पारा मिसळलेली सर्वच प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले.

५. नियम आणि व्यवहार

नियम इतके स्पष्ट असता व्यवहार काय सांगतो? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत ३२ गोरेपणाच्या क्रीमपैकी १४ मध्ये पारा आढळला. ३० लिपस्टिकपैकी १५ मध्ये क्रोमियम व १३ मध्ये निकेल आढळले. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदुराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ९५ नमुने न्यू जर्सीतील दुकानांतून आणि २३ मुंबई व दिल्ली येथून घेतले होते. भारतातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ४३ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत २० भागांहून अधिक होते. न्यू जर्सीतील नमुन्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. ज्या मर्यादेचा उल्लेख वर केला, ती १९६४ नंतरच्या आपल्याच नियमांची मर्यादा आहे.

पाऱ्याच्या क्रीमचे परिणाम महाराष्ट्राने अगदी अलीकडे अनुभवले. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना स्थानिक पातळीवर मिळालेले क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासाअंती त्या क्रीममधील पारा हे कारण पुढे आले आणि २०२३ च्या प्रारंभी ही घटना वृत्तपत्रांतून सर्वांना कळली. त्याच वर्षी नवी मुंबईतील खारघर, म्हणजे रायगड जिल्ह्याच्याच पनवेल तालुक्यातील एका रुग्णालयात, अशाच क्रीममुळे मूत्रपिंड बाधित झालेले दोन रुग्ण आढळले. केरळमधील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत 'नेल-१' या प्रथिनाशी निगडित प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले.

पारा त्वचा उजळ करतो, हे खोटे नाही. त्वचेला काळसरपणा देणारे मेलॅनिन ज्या विकराच्या साहाय्याने तयार होते, त्या विकराला पारा निष्प्रभ करतो. म्हणूनच असे क्रीम 'गुणकारी' ठरते, आणि एका बाईचा अनुभव दुसरीपर्यंत पोहोचतो. तोच पारा त्वचेवाटे रक्तात आणि रक्तावाटे मूत्रपिंडात जातो. मात्र क्रीम बाटलीत कोणी भरले हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ते विकत घेण्यास तरुणीला कोणी भाग पाडले हाही महत्त्वाचा आहे. 'गोरी, सुस्वरूप' वधू मागणाऱ्या विवाहविषयक जाहिराती हाही या विषाच्या इतिहासाचा एक दस्तऐवज आहे.

नियमनाच्या यंत्रणेची गती हा दुसरा मुद्दा. मुंबईतील मुलुंड येथे तयार होणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरीचे २०१८ मध्ये घेतलेले नमुने आम्लता-अल्कतेच्या कसोटीवर मानकानुसार नसल्याच्या कारणावरून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये उत्पादनाचा परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्दबातल ठरविला आणि तपासणी व कारवाई यांतील विलंबाबद्दल प्रशासनास दोष दिला. पावडर सदोष होती वा नव्हती, हा येथे विचारार्थ प्रश्न नाही. लहान मुलाच्या अंगाला लावावयाच्या वस्तूचा नमुना घेतल्यापासून कारवाईपर्यंत सुमारे चार वर्षे जात असतील, तर उत्पादकालाही न्याय मिळत नाही आणि मातेलाही उत्तर मिळत नाही. पावडरीचा डबा तेवढ्या काळात केव्हाच संपलेला असतो.

६. मोजपट्टीबाहेरचे तीन घटक

वरील इतिहासाकडे पेण-रोह्याच्या बाजूने पाहिले असता कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेले तीन घटक ठळकपणे जाणवतात.

पहिला घटक देवासाठीची वस्तू. पूजासाहित्याच्या दुकानातील शेंदूर मूर्तीसाठी विकला जातो. तो 'मानवी शरीरावर' लावण्यासाठी नाही. व्याख्येच्या शब्दांवरून पाहता तो प्रसाधन ठरत नाही. तोच शेंदूर कपाळी लागला की प्रसाधन होतो. एकाच पुडीचे कायदेशीर स्वरूप बोटाच्या एका हालचालीने पालटते. शिशाच्या बाबतीत प्रसाधनांच्या रंगद्रव्यांसाठी दशलक्ष भागांत २० भाग ही मर्यादा आहे. घरगुती व शोभेच्या रंगांसाठी २०१६ च्या नियमांनी ९० भागांची मर्यादा घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आली. देवाच्या शेंदरात तर शिसे हा दोष नसून तोच त्या द्रव्याचा गाभा आहे.

दुसरा घटक घडविणारा हात. पेणच्या कार्यशाळांत पूर्वी गेरू, पिवडी, खडू, काजळी यांसारखे रंग असत. पुढे तैलरंग, चमकीचे रंग आणि फवारणीचे रंग आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली आणि २०२० मध्ये त्यांत सुधारणा केली. पाण्यात विरघळणारे, नैसर्गिक व विषरहित रंग वापरावेत, असा त्यांचा आग्रह आहे. २०२५ मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून मुंबई उच्च न्यायालयात झालेल्या सुनावणीत मूर्ती घडविण्यास मुभा आणि नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास निर्बंध अशी भूमिका पुढे आली. या साऱ्या चर्चेत पाण्याचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु विसर्जनापूर्वी कित्येक महिने त्याच रंगांत ज्यांचे हात बुडालेले असतात, फवारणीचा तुषार ज्यांच्या श्वासात जातो, त्या कारागिरांचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारी बोटे संध्याकाळी त्याच घरात भाकरी थापतात. त्यांच्या त्वचेवर पडणारा रंग 'लावण्यासाठी' नसल्याने तो प्रसाधन नव्हे, एवढ्याच कारणाने तो निर्धोक होत नाही.

तिसरा घटक नदी. वापरून धुतलेले प्रत्येक प्रसाधन मोरीवाटे पाण्यात जाते आणि ते तयार करताना उरलेले सांडपाणीही अखेर पाण्याकडेच जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील ५३ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत कुंडलिकेचाही समावेश होता. येथे मिनामाताची आठवण अपरिहार्य आहे. जपानमधील त्या गावात १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचा होता. तो माशांवाटे कोळ्यांच्या ताटात गेला. त्या गावाच्या नावाने झालेल्या करारातच गोरेपणाच्या क्रीमवरील बंदी समाविष्ट आहे, ही बाब सूचक आहे. कारखान्यातून निघालेला पारा आणि बरणीतून निघालेला पारा यांत शरीर भेद करीत नाही. रेवदंड्याच्या खाडीवर उपजीविका करणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. रोह्यातील रंगद्रव्य-उद्योगाने या तालुक्याला रोजगार दिला, हेही तितकेच खरे; म्हणून येथील प्रश्न उद्योग हवा की नको असा नसून, परदेशी ग्राहकाच्या ओठांसाठी जी काटेकोर शुद्धता पाळली जाते, तितकीच काटेकोर दृष्टी स्थानिक पाण्याविषयी आणि कामगाराविषयी ठेवली जाते का, असा आहे.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, प्रसाधनांतील घातक द्रव्ये ही केवळ आधुनिकतेची निर्मिती नाही. शेंदूर आणि मशेरी यांनी परंपरेच्या आधारानेच घरात स्थान मिळविले. 'नैसर्गिक' आणि 'परंपरागत' हे शब्द म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. दोन, कायदा प्रत्येक वेळी दुर्घटनेच्या मागून आला. १९३८, १९७२ आणि २०१३ ही वर्षे त्याची साक्ष देतात. तीन, भारतीय नियमांतील मर्यादा कागदावर पुरेशा स्पष्ट आहेत. उणीव आहे ती तपासणीच्या वेगात आणि व्याख्येच्या रुंदीत. चार, या प्रश्नाचा भार स्त्रियांवर अधिक पडला. कपाळीचा डाग, हिरड्यांवरील व्रण आणि निकामी होत जाणारे मूत्रपिंड या तिन्ही ठिकाणी इजा तिच्या शरीराला झाली आणि दोषही बहुधा तिच्याच 'नटण्याला' देण्यात आला.

या क्षेत्रात महाविद्यालयांना करण्यासारखे काम पुष्कळ आहे. पेण व रोहा येथील बाजारांतील कुंकू, शेंदूर व क्रीम यांची नमुना-तपासणी रसायनशास्त्र विभागांना हाती घेता येईल. मशेरीच्या रीतीविषयी वृद्ध स्त्रियांच्या आठवणी आणि मूर्तिकारांच्या रंगबदलाच्या हकिगती इतिहास व समाजशास्त्र विभागांना नोंदविता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून कलपाच्या पुडीवरील ती बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखविता येतील. असे काम झाल्यास या विषयाचा स्थानिक इतिहास प्रथमच लिहिला जाईल, आणि तो लिहिताना करंडा, तवा, कुंचला व नदी या चारही गोष्टींना एकाच प्रकरणात जागा द्यावी लागेल.